व्यक्तिस्वातंत्र्य आणि दारूबंदीचा कायदा
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील व्याख्यान)



महोत्सवाच्या चालकांनी मला जो विषय नेमून दिला आहे, तो अशा मंगल प्रसंगी थोडा कडवट वाटण्याचा संभव आहे. मनुष्याने काय खावे, काय प्यावे, तोंडात कोणती पुडी टाकावी, अंगाला लस टोचून घ्यावी की न घ्यावी, ह्या गोष्टींत सरकारने हात घालावा काय, आणि घालावा तर कोठवर, हा तो विषय होय. पुस्तकी चर्चेची हौस म्हणून तो निवडलेला नाही, हे आपण सर्व जाणता. गावातील दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून अर्ज करावा की नाही, ह्याची चर्चा आपल्या महिला मंडळात काही महिने चालली आहे, आणि भगिनी जितक्या कळकळीने त्याविषयी बोलतात, तितक्याच कुरकुरीने काही बंधू विचारतात, "आम्ही घाम गाळून मिळविलेल्या पैशाचे काय करावे हे सांगणारे तुम्ही कोण, आणि सरकार तरी कोण?" हा प्रश्न हसून उडवून लावण्याजोगा नाही. त्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यालाच उत्तर देणे नेहमी अवघड जाते.

प्रथम आपण राहतो तो मुलूख पाहावा. आपला हा जिल्हा, ज्याचे नाव २०२४ सालापासून सरकारी कागदोपत्री अहिल्यानगर झाले आहे, साखरेचा जिल्हा आहे. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना, टिळकनगरचा कारखाना, आणि विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगर येथे उभारलेला सहकारी कारखाना, ह्यांची नावे आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. कारण आपल्यापैकी कित्येकांचे आईबाप त्यांच्याच उसाच्या फडात राबले. शंभर मण ऊस गाळला की साखरेखेरीज सुमारे चार मण मळी उरते, आणि एक टन मळीपासून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क निघतो. ह्या मद्यार्काची औषधे होतात, रसायने होतात, अलीकडे तो पेट्रोलातही मिसळतात. आणि त्याचीच दारू होते. तेव्हा ज्या जिल्ह्याच्या उत्पन्नाचा एक पाय मळीत आहे, त्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीसारखी दारूबंदीची गावे निपजावीत, ह्यात विसंगती दिसली तरी आश्चर्य नाही. रोग जेथे असतो तेथेच वैद्याची हाक पडते.

आता कायद्याचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. इंग्रजी राज्यात दारू बंद करण्यापेक्षा तिच्यावर कर घेणे ह्याकडे सरकारचे लक्ष अधिक होते. १८७८ सालचा मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा हा मुख्यतः वसुलीचा कायदा होता. जोतिराव फुले ह्यांनी १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेस दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले, ते ह्याच काळात. पुढे काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर डॉ. गिल्डर ह्यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी झाली. पण त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती योजना कोलमडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला, आणि १९५० पासून सबंध मुंबई राज्यात दारूबंदी आली. घटनेच्या ४७ व्या कलमात मादक पेये बंद करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगितलेच आहे.

ह्या कायद्याविरुद्ध एक पारशी गृहस्थ, फ्राम नसरवानजी बलसारा, न्यायालयात गेले. मला मद्य बाळगण्याचा व पिण्याचा अधिकार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याचा गाभा समजण्यास वकील असावे लागत नाही. राज्यास दारू बंद करण्याचा अधिकार आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु ज्या औषधांत व प्रसाधनांत मद्यार्क असतो, त्यांवरही बंदी घालणे अवाजवी आहे असे ठरविले. आणि दारूची नुसती स्तुती करणे हाही गुन्हा ठरविणारे जे शब्द कायद्यात होते, ते भाषणस्वातंत्र्याच्या आड येतात म्हणून काढून टाकले. म्हणजे दुकान सरकारचे, जीभ माणसाची! सरकारने दारूचा बुधला फोडावा, पण दारू बरी असे म्हणणाऱ्याचे तोंड बांधू नये. मला हा निकाल फार समंजस वाटतो.

ह्याच कायद्यात एक कलम असे आहे की त्याची आठवण प्रत्येक कॅथलिकाने ठेवावी. उपासनास्थळाच्या प्रमुखास धर्मविधीपुरते मद्य वापरण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकेल, अशी त्यात तरतूद आहे. पवित्र मिस्साबलीसाठी द्राक्षांचे शुद्ध मद्यच हवे, दुसरे काही चालत नाही; तेव्हा ही तरतूद नसती तर ह्या राज्यातील प्रत्येक वेदीवर दररोज सकाळी कायदेभंग झाला असता. अमेरिकेत १९२० ते १९३३ पर्यंत दारूबंदी होती, तेव्हाही असाच अपवाद ठेवावा लागला. कोणी म्हणेल, मिळाली ना परवानगी, मग झाले. मिळाली हे उत्तमच झाले. तथापि परवानगी म्हणून जी वस्तू मिळते ती आणि हक्क म्हणून जी मिळते ती, ह्यांत फरक आहे. चांगल्या हेतूने केलेला कायदासुद्धा वेदीच्या पायरीपर्यंत येऊन उभा राहतो, आणि तेथे त्याला कोणीतरी थांबवावे लागते, एवढे ह्यावरून आपण शिकावे.

बंदीचा परिणाम काय झाला? दारू गेली नाही, लपली. मुंबईत घराघरांत गुत्ते निघाले आणि त्यांना 'आंटीचे अड्डे' असे नाव पडले. त्या आंटी बहुधा ख्रिस्ती असत, त्यामुळे सबंध समाजास फुकटची अपकीर्ती सोसावी लागली. आपल्याकडे ओढ्याकाठी, बाभळीच्या बनात काळा गूळ व नवसागर ह्यांच्या भट्ट्या लागल्या. सरकारनेच पुढे, १९६३ नंतर, बंदी सैल केली, आणि १९७३ च्या सुमारास देशी दारूची दुकाने उघडली. मूळचा एकच कायदा गुजरातेत अजून बंदी चालवितो आणि महाराष्ट्रात परवाने वाटतो. नावाने तो आजही 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' आहे! कागदावर पाहू गेल्यास आजही ह्या राज्यात दारू पिण्यास परवाना लागतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा जन्माचा. आणि कडक दारूसाठी वय पंचवीस पूर्ण लागते. प्रत्यक्षात तो परवाना किती जणांच्या खिशात असतो हे आपण जाणता. माझ्या मते जो कायदा लाखो माणसांना रोज मुकाट्याने खोटे वागावयास लावतो, तो कायदा दारूइतकाच नीतीस घातक होय. पाळावयाचा नसेल तर काढून टाकावा, ठेवावयाचा असेल तर पाळवून घ्यावा.

बंदी असो की परवाना, गरिबाच्या पेल्यात काय पडते हे पाहणारा कोणी नसला म्हणजे काय होते, ते ह्याच जिल्ह्याने पाहिले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या दिवसांत, नगर तालुक्यातील पांगरमल येथे जेवणावळीत वाटलेली विषारी दारू पिऊन माणसे मेली. ती दारू त्यांनी विकतही घेतली नव्हती; मतांसाठी ती त्यांना पाजली होती. तेथे 'माझा पैसा, माझी मर्जी' हे सूत्र कसे लावावयाचे? पैसा दुसऱ्याचा, मर्जी दुसऱ्याची, मरण मात्र त्या बिचाऱ्याचे स्वतःचे.

तेव्हा रेषा कोठे ओढावयाची? सातशे वर्षांपूर्वी संत थॉमस अक्वायनस ह्यांनी हाच प्रश्न घेतला होता: मनुष्याच्या कायद्याने सगळे दुर्गुण दडपावेत काय? त्यांचे उत्तर 'नाही' असे आहे. कायदा हा सर्वसाधारण माणसांसाठी असतो आणि ती माणसे संत नसतात. म्हणून कायद्याने तेवढेच मोठे दुर्गुण रोखावेत की ज्यांपासून बहुतेकांना दूर राहता येईल, आणि मुख्यतः ते की ज्यांमुळे दुसऱ्यास इजा होते व समाज टिकणे अशक्य होते. दुर्बळांवर पेलणार नाही असा भार टाकला तर ते चिडून अधिकच वाईटाकडे वळतात, असेही ते सांगतात. ज्या धर्मपंडिताला आपली ख्रिस्तसभा गुरुस्थानी मानते, त्याने व्यसनी माणसाची एवढी दया बाळगली आहे, हे आपल्यापैकी काही कडक मंडळींनी लक्षात घ्यावे.

परंतु हेच मोजमाप दुसऱ्या बाजूलाही लागते. 'दुसऱ्यास इजा' म्हणजे काय? बाजाराच्या दिवशी मजुरी हाती पडते, दुकान वाटेतच असते, आणि घरी पोचेपर्यंत पिशवी रिकामी होते. मुलीची वही राहते, म्हातारीचे औषध राहते. मग रात्री शब्दाने शब्द वाढतो आणि हात उगारला जातो. ज्या पैशाला बंधू 'माझा घाम' म्हणतात, त्यात पत्नीचाही घाम असतो. ऊसतोडीला तर नवराबायकोच्या जोडीलाच मिळून 'एक कोयता' म्हणतात, आणि मुकादमाची उचल जोडीच्या नावावर असते. म्हणजे कर्ज दोघांचे आणि चैन एकाची! असा हा व्यवहार 'खाजगी' म्हणणे मला मान्य नाही. उंबरठ्याच्या आत जे घडते ते सगळेच खाजगी नसते.

आता राळेगण व हिवरेबाजार ह्यांकडे वळतो; कारण ह्या विषयाचा खरा कस तेथेच लागतो. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव १९७० च्या दशकात दारूच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध होते. किसन बाबूराव हजारे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते १९७५ साली सैन्यातून परतले. त्यांनी यादवबाबांच्या देवळात गावास एकत्र केले, शपथा घेतल्या, भट्ट्या बंद करविल्या. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान अशी पंचसूत्री गावाने स्वीकारली. पुढे गावात विडी-सिगारेट, तंबाखूही विकली जाईनाशी झाली. एका होळीत तंबाखूचा साठाच जाळण्यात आला. पाणी अडले, शेते पिकली, मुले शिकली. ह्या गोष्टी खऱ्या आहेत आणि कौतुकास पात्र आहेत. नगर तालुक्यातील हिवरेबाजारातही १९८९ नंतर पोपटराव पवार ह्यांच्या नेतृत्वाखाली असेच परिवर्तन झाले, व २०२० साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. तेथे तर शेतीच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदण्यासही गावाने मनाई केली आणि ऊस लावू नये असा नियम केला. आपल्या शेतात काय लावावे हेसुद्धा गाव ठरविणार! पण खालचे पाणी सर्वांचे आहे, एकाचा ऊस दहा जणांच्या विहिरी कोरड्या पाडतो. तेव्हा तो नियम मला न्याय्य वाटतो.

मात्र ह्याच गावांत असेही घडले की ते नुसत्या कौतुकाच्या भरात विसरता कामा नये. शपथ मोडून दारू पिऊन आलेल्यांस राळेगणात खांबाला बांधून फटके मारले जात. अण्णांनी हे कधी लपविले नाही, उलट आई आजारी मुलाला कडू औषध पाजते तसे हे, असे समर्थन केले. मला ते समर्थन पटत नाही. आई औषध पाजते ती तिच्या पोटच्या गोळ्याला, आणि तोही मोठा झाला म्हणजे तिचा हात थांबतो. प्रौढ माणसाला चारचौघांत बांधून मारण्याचा अधिकार कोणत्याही गावसभेस नाही, पोलिसासही नाही. राळेगणवर मुकुल शर्मा ह्यांनी जे लिहिले आहे त्यात, तेथील दलित घरांतील मांसाहारही गावाच्या ह्या शिस्तीखाली आला, अशी टीका आहे. दारूपासून आरंभ झालेली बंदी जेवणाच्या ताटापर्यंत जाण्यास फार वेळ लागत नाही.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो? ह्या सभेत बसलेल्यांपैकी बहुतेकांचे पणजे-खापरपणजे अशा गावांत राहिले की जेथे गावाने त्यांना पाणवठाही नाकारला होता. काय खावे, कोठे बसावे, कोणत्या वाटेने चालावे, हे सारे गावच ठरवीत असे, आणि तेही 'गावाच्या भल्यासाठी'. जर्मन जेझुइट मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या जिल्ह्यात आले, तेव्हा आपल्या वाडवडिलांना ख्रिस्ताच्या नावाबरोबर ताठ मानेने उभे राहण्याची जागाही मिळाली. म्हणून 'सबंध गावाचा ठराव' असे शब्द ऐकले की आपल्या एखाद्या वृद्धाच्या कपाळास आठी पडते, तिला मी हेकटपणा म्हणणार नाही. ती आठी अनुभवाची आहे. आपण अर्ज करावयाचा तर तो ही आठी समजून घेऊन करावा.

हिवरेबाजाराचा आणखी एक नियम असा की विवाहापूर्वी वधूवरांची एच.आय.व्ही.ची तपासणी झाली पाहिजे. हेतू स्वच्छ आहे; निरपराध मुलीस नवऱ्याकडून मरण येऊ नये. पण २०१७ सालच्या केंद्रीय कायद्याने अशी तपासणी समजून दिलेल्या संमतीवाचून करता येत नाही, आणि रोग्याचे नाव गुप्त राखणे बंधनकारक आहे. गाव लहान, दवाखाना लांब, मोडलेले लग्न सर्वांच्या तोंडी. तेथे गुप्तता राहणार कशी? वधूवरांनी स्वखुशीने एकमेकांस सत्य सांगावे, विवाहाच्या तयारीत फादरांनी त्यांना तसा उपदेशही करावा. पण दाखल्याशिवाय मांडव घालू देणार नाही असे म्हणणे ह्याला माझा विरोध आहे.

शपथ आणि सक्ती ह्यांतील हा भेद आपल्या ख्रिस्तसभेस नवा नाही. आयर्लंडात फादर थिओबाल्ड मॅथ्यू ह्या कॅपुचिन धर्मगुरूंनी १८३८ साली कॉर्क शहरात मद्यत्यागाची शपथ देण्यास आरंभ केला, आणि काही वर्षांतच लक्षावधी लोकांनी ती घेतली. ना फटके, ना दंड. पुढे दुष्काळाच्या लाटेत ती चळवळ ओसरली, हेही खरे. ख्रिस्तसभा आपल्यावर उपवासाचे नियम घालते. आपल्यातील वृद्धांस आठवत असेल की १९५३ पूर्वी कम्युनियन घ्यावयाचे तर मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही वर्ज्य असे. १९६४ पासून तो उपवास एका तासावर आला आहे. नियम कडक होता, पण तो मोडणाऱ्याच्या दारात शिपाई उभा राहत नसे.

आता ज्या गोष्टीत सरकारचा हात कोठवर जाऊ शकतो ह्याचा भयंकर नमुना आपल्याच राज्याने दाखविला, ती सांगितली पाहिजे. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक विधेयक मंजूर केले. तीन हयात मुले असलेल्या जोडप्यातील एकाने नसबंदी करून घेतलीच पाहिजे, न घेतल्यास तुरुंगवास, असा त्याचा आशय होता. असे विधेयक मंजूर करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही, एवढेच आपले सुदैव. पोप अकरावे पायस ह्यांनी १९३० सालच्या 'कास्ती कोन्नुबी' ह्या पत्रात आधीच बजावून ठेवले होते की निरपराध प्रजेच्या शरीरावर राज्यकर्त्यांचा थेट अधिकार नाही. दारूचे दुकान बंद करणे आणि माणसाच्या देहावर शस्त्र चालविणे ह्या दोन गोष्टी एकाच 'लोकहिता'च्या नावाखाली बसवावयाच्या नाहीत. पहिलीत सरकार वस्तूवर हात टाकते, दुसरीत माणसावर. आजही तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायतीस उभे राहता येत नाही, हा नियम २००१ पासून चालू आहे. त्यात शस्त्र नसले तरी पाळण्याकडे बोट दाखविलेले आहेच. आणि त्याचा जाच बहुधा स्त्रीलाच होतो.

परंतु 'शरीर ज्याचे त्याचे' एवढे म्हणून सरकारने स्वस्थ बसावे काय? शेजारच्या बीड जिल्ह्याकडे पाहा. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचे प्रमाण भयंकर वाढले म्हणून २०१९ साली नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. सुमारे ब्याऐंशी हजार स्त्रियांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची ती शस्त्रक्रिया झालेली आढळली. प्रत्येकीने कागदावर अंगठा किंवा सही केलेली असणार. म्हणजे कायद्याच्या भाषेत ती तिची 'स्वेच्छा'. एक दिवस खाडा पडला तर दंड, फडात आडोसा नाही, पाणी नाही, डॉक्टर भीती घालतो. अशा स्थितीत दिलेल्या संमतीस स्वातंत्र्य म्हणण्याचे धाडस मला होत नाही. सरकारने तेथे खाजगी दवाखान्यांवर बंधन घातले की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून ही शस्त्रक्रिया करू नये. हे बंधन त्या बाईवर नाही, तिच्या दुबळेपणाचा व्यापार करणाऱ्यावर आहे. आपल्या पाथर्डी-शेवगावकडील भगिनींनी हे विशेष लक्ष देऊन ऐकावे.

गुटख्याविषयी फार बोलत नाही. २०१२ च्या जुलै महिन्यापासून महाराष्ट्रात त्यावर बंदी आहे, आणि ती पाळली जाते की नाही हे कोणत्याही टपरीवर कळते. कोरोनाच्या साथीत १८९७ सालचाच साथीच्या रोगांचा जुना कायदा पुन्हा बाहेर निघाला; आपली मंदिरे मार्च २०२० पासून कित्येक महिने बंद राहिली, आणि आपण ते सोसले, कारण एकाचा श्वास दुसऱ्याच्या जिवावर बेतत होता. लस घेण्याची मात्र कोणावर सक्ती करता येत नाही. जे निर्बंध घालावयाचे ते धोक्याच्या प्रमाणात असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. बलसारांच्या निकालानंतर सत्तर वर्षांनी न्यायालय जवळजवळ त्याच जागी येऊन उभे राहिले!

असो. आता आपल्या अर्जाविषयी. जिल्हेच्या जिल्हे वरून बंद करण्याचा प्रयोग चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून झाला आणि २०२१ मध्ये सरकारनेच तो मागे घेतला. मला स्वतःला गावाने गावापुरता घेतलेला निर्णय अधिक पसंत आहे. जे काम खालच्या लहान संस्थेस करता येते ते वरच्या मोठ्या संस्थेने हिरावून घेऊ नये, असे 'क्वाद्राजेसिमो आन्नो' ह्या १९३१ च्या पत्रात सांगितले आहे, आणि ह्या बाबतीत ते तंतोतंत लागू पडते. राज्याच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातील महिला मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांनी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी काढलेली असते; जिला लिहिता-वाचता येत नाही तिलाही ते कळते. ही पद्धत मला तीन कारणांसाठी आवडते. ती दुकानाविरुद्ध आहे, पिणाऱ्याविरुद्ध नाही. कोणाला खांबाला बांधीत नाही. ती गुप्त आहे, म्हणून नवऱ्याच्या, पाटलाच्या किंवा मंडळाच्या धाकाने शिक्का मारावा लागत नाही. आणि जिच्या चुलीवर परिणाम होतो तिलाच ती विचारते. बंधूंना ह्यात मत नाही, ही तक्रार मी ऐकली आहे. तिला उत्तर एवढेच की दुकानात जाऊन बंधू रोज मतदान करीतच असतात.

ज्या भगिनींना उभी बाटली योग्य वाटेल त्यांनी निर्भयपणे तसे मत द्यावे, आणि मतदानानंतर कोणी कोणास 'तू कोणता शिक्का मारलास' असे विचारू नये. दुकान बंद झाले तर शेजारच्या वस्तीत हातभट्टी लागणार नाही ह्यावर नजर ठेवण्याचे काम मागे राहतेच. त्यासाठी २०१६ च्या सुधारणेने ग्रामरक्षक दलाची सोय केली आहे. त्या दलाने पोलिसास कळवावयाचे आहे, स्वतः पोलीस व्हावयाचे नाही.

एक अडचण मात्र गणिताची आहे आणि तिच्याकडे मंडळाचे लक्ष गेलेले दिसत नाही. बाटली आडवी होण्यास मतदानास आलेल्या स्त्रियांच्या निम्म्याहून अधिक मते पुरत नाहीत. यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक लागतात. यादीत बाराशे नावे असली तर सहाशे एक मते हवीत, मग आलेल्या कितीही असोत. जी मेली पण जिचे नाव काढलेले नाही, जी लग्न होऊन परगावी गेली, जी कोयता घेऊन कारखान्यावर गेली, त्या सर्वांची मते उभ्या बाटलीच्याच पारड्यात पडल्यासारखी होतात. दसऱ्यानंतर आपल्या वस्तीतील घरांना कुलपे लागतात ती थेट अक्षय तृतीयेच्या सुमारास निघतात. ह्या काळात मतदान ठरले तर ते हरल्यातच जमा आहे. म्हणून आधी यादी शुद्ध करून घ्यावी. मृतांची व परगावी गेलेल्यांची नावे कमी करण्याचे अर्ज तहसील कचेरीत द्यावेत. सह्या अक्षय तृतीयेनंतर, माणसे परतली की लगेच घ्याव्यात. कारण पडताळणीस किती आठवडे लागतील हे कोणी सांगू शकत नाही, आणि सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेहून आपण परतलो की गाड्या भरण्यास फार तर महिना-दीड महिना उरतो. मतदानाचा दिवस त्याच्या आत पडला पाहिजे.